स्पर्धा परीक्षेची मुदत कशी ठरवावी आणि ती संपल्यावर काय करावे

जुलै २०१६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला गेलो, तो नोकरी शोधायला नव्हे, तर राज्यसेवेची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करायला. आमच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षी तीनच कंपन्या आल्या होत्या आणि तिघींनी मिळून अकरा मुले घेतली होती. उरलेल्यांपैकी ज्यांच्या घरून पैसे येऊ शकत होते ते पुण्याला गेले आणि ज्यांच्या घरून येऊ शकत नव्हते ते मिळेल त्या कामाला लागले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, नारायण पेठेतली अभ्यासिका आणि महिन्याची मेस असे जे आयुष्य सुरू झाले, ते टाळेबंदीने गावी परत येईपर्यंत, म्हणजे ४४ महिने, तसेच चालले. या काळात मी दोनदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालो आणि दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत मागे राहिलो.

अभ्यासात मी कमी पडलो असेन, परंतु माझी खरी चूक निराळी होती. किती दिवस प्रयत्न करायचा आणि तो थांबवायची वेळ आली हे कशावरून ओळखायचे, हे मी पुण्याला निघण्यापूर्वी ठरवलेच नव्हते. आज तयारी करणाऱ्या किंवा तयारीला निघालेल्या मुलामुलींना आणि त्यांना दरमहा पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांना ही मुदत कशी ठरवता येईल, हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे. स्पर्धा परीक्षा देऊ नका असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या परीक्षांतून शेतकऱ्यांची मुले तहसीलदार झालेली मी माझ्याच अभ्यासिकेत पाहिली आहेत.

रांग एवढी लांब का झाली

मुदत ठरवण्याआधी आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे समजून घ्यावे, कारण त्याशिवाय अपयशाचे सगळे ओझे माणूस स्वतःच्याच डोक्यावर घेतो. देशाचा आर्थिक वृद्धिदर २०१६-१७ मध्ये आठ टक्क्यांच्या वर होता, तो उतरत उतरत २०१९-२० मध्ये चार टक्क्यांच्या आसपास आला. वाढ मंदावते तेव्हा कारखाने आणि कंपन्या कामावरच्या माणसांना लगेच काढत नाहीत. आधी त्या नवी भरती थांबवतात. म्हणून मंदीचा पहिला फटका बसतो तो नुकतीच पदवी घेतलेल्यांना. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ साली १५ ते २९ या वयोगटातला बेरोजगारीचा दर १७.८ टक्के निघाला, तेव्हा सर्व वयोगटांचा मिळून तो ६.१ टक्के होता. पुढच्या काही वर्षांत हे वार्षिक आकडे खाली आले. २०२३-२४ मध्ये तरुणांचा दर १०.२ टक्के आणि एकूण दर ३.२ टक्के नोंदवला गेला. २०२५ पासून हे आकडे दरमहा वेगळ्या मोजमापाने प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यात जून महिन्यात तरुणांचा दर १५.३ टक्के होता.

दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही, कारण दोन्हींची व्याख्या वेगळी आहे. वार्षिक मोजणीत वर्षातून तीसएक दिवस काम केलेला माणूसही रोजगार असलेल्यांत धरला जाऊ शकतो, तर मासिक मोजणीत मागच्या सात दिवसांत एक तास काम केले असले तरी पुरते. घरच्या शेतीवर विनामोबदला राबणारा मुलगाही काम करणाऱ्यांतच गणला जातो. अभ्यासिकेत बसणारा मुलगा स्वतःला ‘काम शोधतो आहे’ असे सांगतो की ‘शिकतो आहे’ असे, यावरही तो कोणत्या रकान्यात जाणार हे अवलंबून असते. टक्केवारी कमी झाल्याची बातमी वाचून ‘मग मलाच का मिळत नाही’ असे वाटले, तर ही व्याख्या आठवावी.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात आहे. २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. न शिकलेल्याला काम चांगले मिळते असा याचा अर्थ होत नाही. त्याला थांबणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. पदवीधर मुलगा थांबू शकतो, कारण घरातले कोणीतरी त्याच्या थांबण्याचे पैसे भरत असते. तयारीचा काळ हा या घराने भरलेल्या पैशांवर उभा असतो, म्हणून मुदत ठरवण्याची सुरुवात त्या पैशांपासूनच करावी लागते.

वही घेऊन बसावे

मार्च २०२० मध्ये मी गावी आलो, तेव्हा एके दिवशी बियाण्याची पावती शोधताना अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी वही हाती लागली. खताच्या दुकानातून भेट मिळणारी लाल पुठ्ठ्याची वही होती. दर महिन्याच्या पानावर खाली एक ओळ होती : ‘पुणे ७०००’. बहुतेक पानांवर एवढेच होते, परंतु काही पानांवर त्या ओळीपुढे बारीक अक्षरांत आणखी दोनतीन शब्द होते. एका ठिकाणी ‘कडबा विकून’, एका ठिकाणी ‘सोसायटी’, एका ठिकाणी ‘मामांकडून, परत करणे’. अण्णांनी हे मला कधी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते.

मी त्याच वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. ७,००० रुपये दरमहा याप्रमाणे ४४ महिन्यांचे ३,०८,००० रुपये. क्लासची फी आणि चाचणी मालिका मिळून आणखी ६०,०००. या काळात मी १२,००० रुपयांची साधी नोकरी धरली असती तर ५,२८,००० रुपये हाती आले असते; ते आले नाहीत, म्हणजे तोही खर्चच. तिन्ही मिळून ८,९६,००० रुपये झाले. हा हिशेब तयारीच्या शेवटी मांडला तर त्यातून फक्त पश्चात्ताप मिळतो. सुरुवातीला मांडला तर त्यातून मुदत मिळते.

म्हणून पहिले काम हे : एका संध्याकाळी आईवडिलांसोबत वही घेऊन बसावे आणि चार गोष्टी लिहाव्यात. दरमहा किती पैसे लागतील आणि ते नेमके कोठून येतील. कर्ज काढावे लागणार असेल तर ते कोण फेडणार आणि केव्हापासून. पाठच्या भावंडांचे शिक्षण आणि घरातली कार्ये कोणत्या वर्षी येऊन ठेपणार आहेत. आणि पीक बुडाले किंवा घरात आजारपण आले तर पुणे किती महिने चालू ठेवता येईल. ‘तू पैशाची काळजी करू नकोस, तू फक्त अभ्यास कर’ असे वडील म्हणतील. ते प्रेमाने म्हणतात, तरीही त्या वाक्यावर विसंबून राहू नये. आकडा कागदावर येईपर्यंत उठू नये.

जाहिरात वाचताना

दुसरे काम म्हणजे आपल्यासाठी प्रत्यक्षात किती जागा आहेत ते पाहणे. जाहिरात निघाली की वर्तमानपत्रात एकूण पदांचा आकडा येतो आणि अभ्यासिकेत दिवसभर त्याच आकड्याची चर्चा चालते. तो आकडा तुमचा नसतो. समजा ३०० पदांची जाहिरात आहे आणि तुम्ही इतर मागास वर्गातले आहात. त्या वर्गाचे १९ टक्के आरक्षण धरले तर ५७ पदे होतात. त्यातली ३० टक्के महिलांसाठी, म्हणजे सुमारे १७, खेळाडूंसाठी पाच टक्के, म्हणजे सुमारे तीन, उरली ३७. ती ३७ पदेही उपजिल्हाधिकारी, तहसीलदार आणि इतर संवर्गांत विभागलेली असतात. गुणवत्तेवर खुल्या जागेवर निवड होऊ शकते, हे खरे असले तरी मुदत ठरवताना ती शक्यता हिशेबात धरू नये. जाहिरातीतला आरक्षणाचा तक्ता काढून आपल्या रकान्यातले आकडे मागच्या तीन वर्षांसाठी एकाखाली एक लिहावेत. मी हे काम पहिल्यांदा चौथ्या वर्षी केले.

मग अर्ज किती आले ते पाहावे. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते, म्हणजे एका पदामागे शंभराहून अधिक. रेल्वेच्या २०१९ च्या एनटीपीसी, म्हणजे बिगरतांत्रिक पदांच्या, भरतीत सुमारे ३५ हजार पदांसाठी सव्वा कोटी अर्ज आले. तेथे हे प्रमाण एकास साडेतीनशेपर्यंत जाते. अर्ज भरणारा प्रत्येक जण मनापासून अभ्यास करत नाही आणि कित्येक जण परीक्षेला बसतही नाहीत, त्यामुळे या प्रमाणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ‘मेहनत केली की होतेच’ हे वाक्य मात्र या प्रमाणापुढे टिकत नाही. १०१ मुलांनी सारखीच मेहनत केली तरी शंभर मुले बाहेरच राहणार आहेत.

वेळेचाही हिशेब हवा. विभागाने आयोगाला मागणीपत्र पाठवणे, जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, कागदपत्र पडताळणी आणि नियुक्ती या साखळीतली कोणतीही कडी अडकू शकते. २०१९ च्या राज्यसेवेतून निवड झालेले ४०० हून अधिक उमेदवार निकालानंतरही नियुक्तीची वाट पाहत बसले होते, कारण मध्ये मराठा आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न आणि कोरोना हे दोन्ही आले. एक प्रयत्न म्हणजे एक वर्ष असे गृहीत धरू नये. दीड ते दोन वर्षे धरावीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे जुन्या बहुपर्यायी पद्धतीवर ज्यांची दोनतीन वर्षे गेली आहेत त्यांनी आपला अनुभव पूर्ण जमेस धरू नये. लिहून उत्तर देण्याचा हात वेगळा असतो आणि तो बसायला वेळ लागतो.

प्रगती मोजण्याची रीत

किती तास अभ्यास केला हे मोजणे निरुपयोगी आहे. मोजायचे ते कटऑफपासूनचे अंतर. प्रत्येक परीक्षेनंतर आपले गुण, आपल्या प्रवर्गाचा कटऑफ आणि दोन्हींतला फरक एवढे तीनच आकडे लिहून ठेवावेत. २०१८ च्या मुख्य परीक्षेत मी २१ गुणांनी मागे होतो आणि २०१९ मध्ये २६ गुणांनी. म्हणजे एक वर्षाच्या अभ्यासाने मी पाच गुण आणखी लांब गेलो होतो. परंतु त्या वर्षी पूर्वपरीक्षा पुन्हा निघाली होती, मित्रांनी पेढे वाटायला लावले होते आणि त्या आनंदात हा फरक मी पाहिलाच नाही. पाहिला असता तर टाळेबंदीची वाट न पाहता मी २०१९ च्या दिवाळीतच गावी गेलो असतो, असे आज मला प्रामाणिकपणे वाटते.

यावरून मी जो ठोकताळा बसवला आहे तो असा. दोन पूर्ण प्रयत्नांत पूर्वपरीक्षा निघाली नाही, तर पूर्णवेळ तयारी थांबवावी. मुख्य परीक्षेत सलग दोनदा अंतर कमी न होता तेवढेच राहिले किंवा वाढले, तरीही थांबवावी. मुलाखतीपर्यंत पोहोचून थोडक्या गुणांनी राहिलेल्याने आणखी एक प्रयत्न जरूर करावा, परंतु तो हाताशी काही काम धरून. हा नियम सर्वांना तंतोतंत लागू पडणार नाही. ज्याच्या घरी बागायत आहे आणि ज्याच्या घरी मोलमजुरी आहे त्यांची मुदत एक असू शकत नाही. पण काहीतरी नियम परीक्षेच्या आधी लिहिलेला असावा, कारण निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला ‘आणखी एकच चान्स’ एवढेच सुचते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. ती शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे, तुमच्या घराची नव्हे.

घरी कसे सांगावे

मुलींना ही मुदत बहुधा मागावी लागत नाही. ती घरच्यांनी आधीच ठरवलेली असते आणि ती फार तोकडी असते. ‘दोन वर्षे बघ, नाहीतर स्थळे बघायला लागू’ असे सांगून पाठवलेल्या कितीतरी मुली माझ्या अभ्यासिकेत होत्या आणि त्यांच्यातल्या काहींचे कटऑफपासूनचे अंतर माझ्याहून बरेच कमी होते. आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, की मुलाला जो मोजमापाचा नियम लावाल तोच मुलीला लावा. तिचे अंतर कमी होत असेल तर तिला आणखी एक प्रयत्न मिळालाच पाहिजे. मुलींनीही घरी बोलताना भावाशी तुलना करण्याऐवजी आपल्या गुणांचा कागद पुढे ठेवावा, त्याचा परिणाम अधिक होतो.

मुलांची अडचण उलट असते. थांबायचे ठरले तरी घरी सांगता येत नाही, कारण गावात शिरताच पारावरचे काका ‘काय रे, लागला का कुठं?’ असे विचारणार हे ठाऊक असते. मी अण्णांना सांगितले ते असे : “अण्णा, मी साडेतीन वर्षं मनापासून प्रयत्न केला, पण माझे मार्क पुढं सरकत नाहीत. हा कागद बघा. आता मी कंपनीत काम धरतो, पगार कमी असेल, पण पुढच्या महिन्यापासून तुम्ही पैसे पाठवायचे नाहीत.” त्यांनी कागद पाहिला नाही. “जेवून घे आधी,” एवढेच म्हणाले. सांगताना गुणांचा कागद आणि पुढे काय करणार याची एक निश्चित तारीख, या दोन गोष्टी हाती असाव्यात. नुसते ‘सोडतो’ म्हटले तर घरचे घाबरतात. आणि मुलगा असे सांगायला आला तर आईवडिलांनी खर्चाचा आकडा त्या दिवशी काढू नये. तो त्याला पाठ असतो.

हाताशी काम धरणे

मुदत संपण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासूनच अर्धवेळ काम धरावे असे माझे स्पष्ट मत आहे. अभियांत्रिकी, पदविका किंवा आयटीआय झालेल्यांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची अप्रेंटिसशिप आधी पाहावी, कारण तिच्यात विद्यावेतन मिळते, प्रमाणपत्र मिळते आणि यंत्रावर हात बसतो. पदवीनंतर जितकी वर्षे जातील तितकी ती मिळणे अवघड होत जाते. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यात बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. अनुभवाचा कागद मिळवण्यासाठी ती उपयोगी आहे, परंतु ती नोकरी नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यातल्या प्रशिक्षणार्थींनीच रस्त्यावर येऊन विचारला होता. म्हणून रुजू होताना तेथे प्रत्यक्ष कोणते काम शिकायला मिळेल हे विचारूनच आस्थापना निवडावी.

स्वतःचा धंदा काढण्याचा विचार असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला बँकेचे कर्ज आणि त्यावर अनुदान मिळते. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला हे अनुदान २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आदींना ३५ टक्के आहे. येथे एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते : अनुदानाची रक्कम हाती येत नाही, ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळती होते. तोवर हप्ते भरावेच लागतात. त्यामुळे ज्या धंद्यात आपण कधी चार महिनेही काम केलेले नाही, तो केवळ अनुदान मिळते म्हणून काढू नये.

मुलाखतीत ‘ही चार वर्षे काय करत होता?’ हा प्रश्न हमखास येतो. खोटा अनुभव लिहू नये. तो पडताळणीत उघडा पडतो. तीन वाक्यांत उत्तर द्यावे : कोणत्या परीक्षेची तयारी केली, कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचलो, आणि आता हे काम का निवडले. मी असेच सांगितले आणि चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत १३,५०० रुपयांवर गुणवत्ता तपासणीला लागलो.

ठेकेदाराकडे काम करताना पहिल्याच महिन्यापासून एक सवय लावून घ्यावी. पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधीची कपात दिसते, म्हणजे ते पैसे खात्यात जमा झालेच असे नाही. माझ्या पगारातून पाच महिने १२ टक्के कापले गेले आणि खात्यावर एक रुपयाही आला नव्हता; मोबाइलवर पासबुक उघडून पाहिले तेव्हाच ते कळले. पगारपत्रकांच्या प्रती जोडून भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर मी आणि आणखी सहा जणांनी तक्रार केली, तेव्हा पैसे जमा झाले. यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा आपला कायमचा खाते क्रमांक, पहिल्या महिन्यातच मागून घ्यावा, आणि पगारपत्रक तोंडी नव्हे तर कागदावर किंवा मोबाइलवर घ्यावे.

नोकरी लावून देतो म्हणणाऱ्यांपासून

वय वाढत जाते तसा माणूस फसण्याच्या जवळ येतो. आमच्या भागातल्या एका घराने शिक्षकाच्या जागेसाठी दोन एकर जमीन विकून पैसे दिले; ना जागा मिळाली, ना पैसे परत आले, आणि पावती नसल्यामुळे तक्रारही नीट करता आली नाही. ‘मंत्रालयात ओळख आहे’, ‘निम्मे आधी, निम्मे ऑर्डर हातात आल्यावर’ ही वाक्ये ऐकू आली की तेथून उठावे. ऑर्डर बनावटही असते, शिक्क्यासकट. कोणत्याही भरतीचे शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावरच भरावे आणि कोणाच्या खासगी खात्यात किंवा मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. ऑनलाइन पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करावा; जितका उशीर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता कमी.

रागाचे काय करावे

राग येणे रास्त आहे. पदे रिकामी असताना जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे जाते, आणि झाली तर पेपर फुटल्याच्या बातम्या येतात. यावर तरुण मुले संतापली नाहीत तरच नवल. प्रश्न एवढाच आहे, की हा राग कोठे लावला म्हणजे काही हलते. ११ मार्च २०२१ रोजी राज्यसेवेची तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर हजारो मुले उतरली आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला परीक्षा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाची आणि बँकांची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हाही मुले रस्त्यावर बसली आणि आयोगाने आपली परीक्षा पुढे नेली. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा जो शासन निर्णय निघाला, तोही विरोध वाढल्यावर पुढच्याच महिन्यात रद्द झाला. तिन्ही वेळा मागणी नेमकी होती आणि तिच्यावर निर्णय घेणारे कार्यालय ठरलेले होते.

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे भरतीच्या निकालावरून बिहार आणि उत्तर प्रदेशात जे घडले, त्यात गाड्यांचे डबे जळाले आणि गैरप्रकार करणाऱ्यांना रेल्वेच्या नोकरीसाठी कायमचे अपात्र ठरवण्याचा इशारा निघाला. आंदोलनाला जरूर जावे, पण दगड हातात घेणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नये. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते आणि गुन्हा दाखल झाला की तो निकाली निघेपर्यंत वर्षे जातात.

रस्त्यावर न उतरताही एक काम प्रत्येकाला करता येते, ते म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत करायचा असतो, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे असते आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नसते. ‘भरती का करत नाही?’ असे विचारू नये. ‘का’ला उत्तर देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. असे विचारावे : “आपल्या कार्यालयातील गट क संवर्गातील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची दिनांक अमुक रोजीची संवर्गनिहाय संख्या, तसेच रिक्त पदांसाठी भरतीचे मागणीपत्र पाठविले असल्यास त्याची दिनांकासह प्रत मिळावी.” ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांचे तिकीट लावून अपील करावे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. हाती आलेला रिक्त पदांचा आकडा घेऊन तालुक्याचे आमदार, स्थानिक वार्ताहर आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे जावे. एका तालुक्यातल्या वीस मुलांनी वीस कार्यालयांत असे अर्ज टाकले, तर जे चित्र तयार होते ते कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलके असते.

झोप उडाली, जेवण तुटले, फोन घेणे नकोसे झाले किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखे वाटू लागले, तर ते अभ्यासाच्या ताणावर ढकलू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. शेजारच्या कॉटवरचा मुलगा दोनतीन दिवस मेसला आला नाही, तर त्याला उठवून सोबत न्यावे आणि त्याच्या घरचा एक तरी क्रमांक आपल्याकडे लिहून ठेवावा. आमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो आणि एकाही घरचा क्रमांक दुसऱ्याकडे नव्हता, हे आठवले की आजही मला धस्स होते.

खोली सोडताना

निघायचे ठरले की दोनतीन साधी कामे आठवणीने करावीत. खोलीमालकाला किती दिवस आधी कळवायचे हे अनामत देतानाच ठरलेले असते. तेवढे दिवस आधी लेखी किंवा मोबाइलवर संदेश पाठवून कळवावे, म्हणजे पैसे कापले जात नाहीत. ज्या परीक्षांचे शुल्क भरून झाले आहे आणि ज्यांची हॉलतिकिटे यायची आहेत, त्यांची यादी करावी आणि नव्या नोकरीच्या ठिकाणी रजेचे बोलताना त्या तारखा आधीच सांगाव्यात. जातप्रमाणपत्र आणि अधिवासाचा दाखला हाताशी आहेत का ते पाहावे आणि नॉन क्रीमीलेअरची मुदत तपासून घ्यावी, कारण खासगी कामावर असतानाही पुढे एखादी सरळसेवेची जाहिरात आली तर याच कागदांवर अडते. पुस्तके रद्दीत घालू नयेत. नव्याने आलेल्या एखाद्या मुलाला द्यावीत आणि देताना आपल्या तीन आकड्यांचा कागदही त्याला दाखवावा. मूळ गुणपत्रिका कोठे प्रवेश घेताना जमा केल्या असतील, तर गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी त्या ताब्यात घ्याव्यात.